मोटारीचे कुळ पाहायला हिंगणीला

आर्वीच्या डेपोतून वर्ध्याची सकाळची बस सुटली. तिकीट फाडता फाडता कंडक्टरने विचारले, "मास्तर, कोनीकडे?"

"हिंगणीला. मोटार आणायला."

"मोटार आनाले? मंग बसनं काऊन चालले?"

मी म्हणालो, मोटार येताना असेल, जाताना नाही. त्याला ते पटले नसावे, कारण त्याने ते मागच्या बाकावरच्या माणसाला सांगितले, त्याने त्याच्या मागच्याला सांगितले, आणि खरांगणा येईपर्यंत सगळी बस माझ्याकडे वळून वळून पाहत होती. दुसऱ्या दिवशी पोळा होता. बसमध्ये माणसांपेक्षा बैलांचे सामान जास्त. बेगड, गोंडे, घुंगरांच्या माळा, शिंगांना लावायच्या रंगाचे डबे. माझ्या मांडीवर कोणाच्या तरी बैलाची नवी झूल ठेवलेली होती, ती मी वर्ध्यापर्यंत जपून नेली. बाहेर पराटी (कपाशी) गुडघ्यापर्यंत आली होती आणि काळ्या रानात पाणी साचून चकाकत होते.

आता हे मोटारीचे प्रकरण सांगतो.

आर्वीला आमचे शेठजी आहेत. त्यांच्या कापसाच्या जिनमध्ये माझे वडील गठाणी उचलत. मी नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा माझी फी, खानावळ आणि माझ्या आयुष्यातला पहिला चष्मा शेठजींनी दिला. आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. इतिहास घेऊन बी.ए. झालो आणि आर्वीतच शाळेत लागलो. इतक्या वर्षांत शेठजींनी मला एक काम सांगितले नव्हते. मीच कधी विचारले तर म्हणत, "पाहू, पाहू. तुले शोभन असं काम निघू दे."

ते काम त्या पावसाळ्यात निघाले. शेठजींना काचबिंदू झाला होता. बाजूचे काही दिसेना, नळीतून पाहावे तसे फक्त समोरचे दिसे. नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. नजर राहील की नाही, याची खात्री डॉक्टर देत नव्हते. तेव्हा शेठजींनी मला बोलावले आणि म्हणाले, "वसंता, डोळे जायच्या आंधी मले मालगुजाराची लाल मोटार पाह्यची हाये. आन् तिच्यात बसाचं हाये."

ही मोटार म्हणजे हिंगणीच्या मालगुजारांची (जमीनदारांची) दोन माणसांची उघडी अमेरिकन मोटार. नागपूरला आलेला कोणी अमेरिकन इंजिनिअर परत जाताना ती त्यांना देऊन गेला. वीसेक वर्षांपूर्वी शेठजी नवे पांढरेशुभ्र धोतर नेसून वर्ध्याच्या रस्त्याने टांग्यातून चालले होते. मागून ही मोटार आली आणि उन्हाळ्याच्या रस्त्याची सगळी धूळ शेठजींच्या धोतरावर टाकून पुढे गेली. मालगुजारांनी मागे वळून हात हलवला. पुढे दोघांची चांगली ओळख झाली, लग्नकार्यात जाणे-येणे झाले, पण भेटले की मालगुजार आधी शेठजींच्या धोतराकडे पाहत आणि मग रामराम करत. शेठजी ते विसरले नाहीत. त्यांना ती मोटार हवी होती, आणि त्या मोटारीत बसून एकदा कोणावर तरी धूळ उडवायची होती. मालगुजार वारले होते. त्यांच्या पत्नीने निरोप पाठवला होता की मोटार घेऊन जा, किंमत नको, फक्त चांगल्या घरी पडली पाहिजे.

यात एक अडचण होती, आणि ती शेठजींचीच होती. कुळ-मूळ पाहिल्याशिवाय त्यांच्या घरात काही येत नाही. जावई, स्वयंपाकी, गाय, सगळ्यांची आधी चौकशी. घरात पहिला प्रेशर कुकर आला तेव्हा तो बनवणाऱ्या माणसाची माहिती मिळेपर्यंत दिवाणखान्यात पाहुण्यासारखा बसून होता. म्हणून ते मला म्हणाले, "तू इतिहासाचा बी.ए. होय. आंधी तिचं खानदान पाह्यजो. कोनी बनवली, कोन लोक होते, धंदा कोनता. चांगलं निघालं तरच घेऊन येजो. पोळ्याच्या दिवशी आर्वीले पोचली पाह्यजे."

मी नागपूरच्या एका वाचनालयात दोन रविवार घालवले. जुनी अमेरिकन मासिके आणि एक जाड ज्ञानकोश. मोटारीवरचे नाव होते हॉलब्रुक बंधू. तिथे त्यांची सगळी हकीकत मिळाली आणि मी ती मन लावून पाठ केली. परीक्षेनंतर इतका अभ्यास मी केला नव्हता.

वर्ध्याला बस बदलली, सेलूला पुन्हा बदलली. हिंगणीच्या अलीकडे बोर धरणाच्या बाजूचे डोंगर दिसू लागतात, हिरवेगार आणि एका अंगाने ढगात गेलेले. गावात उतरलो तर जिकडे तिकडे बैल धुणे चालले होते. एकाला मालगुजारांचे घर विचारले. तो बैलाच्या पाठीवर पाणी टाकत म्हणाला, "मोटारीसाठी आले काय जी? जा, बाई वाटच पाहून राह्यल्या." निरोप बसच्या आधी पोचला होता.

मोठ्या बाई (गाव मालगुजारीणबाईंना असेच म्हणते) ओसरीवर बसल्या होत्या. सत्तरीच्या आसपासच्या, उंच, कपाळावर गोंदण. त्यांच्या शेजारी गावचे पोलीस पाटील दौलतराव. अंगणात खुर्च्या मांडलेल्या, मधल्या टेबलावर चिवडा, शेव आणि चहा. मला पाहून बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बसा जी मास्तर. तुमच्यासंगं कोनी बाईमानूस नाई आलं?"

मी म्हणालो, एकटाच आलो.

"पाह्याले याचं तं दोघंतिघं तरी यावं," दौलतराव म्हणाले. "एकट्याच्या नजरेतून काही सुटून जाते."

तेव्हा मला उमगले की इथे मोटार दाखवण्याचा कार्यक्रम आहे आणि मी मुलाकडचा आहे. चहा झाला. मग दोघा गड्यांनी कापसाच्या रिकाम्या कोठ्याचे दार उघडले आणि मोटारीला हाताने ढकलत अंगणात आणले.

लांब नाक, बुटका बांधा. लाल रंग बऱ्याच ठिकाणी उडाला होता, पण उरलेला अजून झगझगीत होता. सकाळीच तिला धुतलेले दिसत होते. चाकांत हवा होती, ती दौलतरावांनी सायकलच्या पंपाने दोन दिवस खपून भरली होती. सीटवर एक कोंबडी बसलेली होती. ती उठायला तयार नव्हती, म्हणून तिला तसेच राहू दिले.

"वय विचारा," दौलतराव मला हळूच म्हणाले, जणू ते माझ्याच बाजूचे होते.

मी वय विचारले. बाईंनी सांगितले. मग मी विचारले, चालते का?

"चालत नाई," बाई म्हणाल्या. "खोटं काऊन बोलू? दिल्यावर तुमी मनान, लपवून ठेवलं. तिचं इंजन आठ-दहा वर्षांपासून गप हाये. पन स्वभाव गरीब. बैल जुपले का निघते. खाण्यापिण्याचा खर्च आता नाईच. आन् एक व्यंग हाये, ते बी पाहून घ्या. तिचं स्टेरिंग डाव्या अंगाले हाये."

"ते व्यंग नाही, तिकडची रीत आहे," मी म्हणालो.

"तिकडची म्हंजे कोनाची?" दौलतरावांनी विचारले. "हेच तं आमाले मालूम नाई. आमी देऊन राह्यलो, पन लेक कोनाच्या घरची ते आमाले बी ठाऊक नाई."

हाच माझा प्रसंग होता. एव्हाना अंगणात बरेच गाव जमले होते. मी उभा राहिलो आणि हॉलब्रुक बंधूंचा इतिहास सांगितला. मूळ पुरुष लोहार. त्याची दोन मुले, दोघे हाताचे कसबी. अमेरिकेतले शेतकरी तेव्हा बिऱ्हाड घेऊन नव्या जमिनीकडे चालले होते, त्यांच्यासाठी या भावांनी लाकडी गाड्या बनवल्या. त्या गाड्यांना बैल जुंपत. त्यांच्या चाकाची ख्याती अशी की नदी ओलांडताना दुसऱ्यांच्या गाड्या मोडत, यांच्या मोडत नसत. दोन पिढ्या त्यांनी बैलगाड्याच केल्या. नातवांच्या काळात मोटारी आल्या, म्हणून मोटारी केल्या. शेवटी ही शर्यतीच्या झोकाची दोन माणसांची गाडी काढली, ती फार थोड्यांना परवडली, आणि थोड्याच वर्षांत कारखाना बंद पडला.

मी खाली बसलो. माझे भाषण चांगले झाले होते. बायकांनी कौतुकाने मोटारीकडे पाहिले. एक म्हातारा पुढे होऊन तिच्या चाकावरून हात फिरवू लागला.

दौलतरावांनी जवळ जाऊन एक चाक खालपासून वरपर्यंत पाहिले. मग म्हणाले, "म्हंजे बंडीवाल्याची लेक होय."

"हो," मी आनंदाने म्हणालो. बंडी म्हणजे बैलगाडी.

"आन् तुमी तिले उद्या नेतो मनता."

"हो. उद्या सकाळीच."

"उद्या पोळा हाये, मास्तर. उद्या बैल जुपत नाई."

ते मला ठाऊक होते. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळते. त्याची तजवीज मी केली होती. मी म्हणालो, ट्रकच इथपर्यंत बोलावू. दोरखंडाने ओढून नेऊ.

"ट्रक काय न् बैल काय," दौलतराव शांतपणे म्हणाले. "मोटार असती तं नेली असती. मोटारीले पोळा नाई. पन तुमीच सांगतलं, हे जातीची बंडी होय. उद्या बंडीचं चाक फिरत नाई. तिचं कसं फिरू द्याचं?"

मी बाईंकडे पाहिले.

"मले आतापावतर मालूम नव्हतं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "वीस वर्षं घरात हाये, आन् वीस पोळे बिचारीची पूजा नाई झाली."

मी पुष्कळ बोललो. इंजिन म्हणजे काय ते सांगितले. सिलिंडर किती आहेत ते सांगितले. शेठजींच्या डोळ्यांचे सांगितले, तेव्हा सगळ्यांना मनापासून वाईट वाटले. एका बाईने तर देवीला नवस बोलला. पण चाक फिरवायला कोणी हो म्हणेना. मी म्हणालो, मग आजच नेतो, आत्ता. तर संध्याकाळ होत आली होती, आणि बैलांची खांदेमळणी सुरू झाली होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात आणि त्यांना जेवणाचे आवतण (आमंत्रण) देतात. बाई स्वतः वाटी घेऊन आल्या. मोटारीला खांदा कुठे, यावर थोडी चर्चा झाली. शेवटी पुढच्या दोन्ही चाकांवरच्या फुगवट्यांना हळद-तूप लावले आणि बाई तिच्या दिव्यांकडे पाहत म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

एकदा आवतण दिल्यावर पाहुण्याला हलवण्याची गोष्टच उरली नाही.

सकाळी मी सेलूच्या पोस्टात जाऊन आर्वीला फोन लावला. शेठजींनी आयुष्यात एक काम सांगितले आणि ते माझ्याच अभ्यासाने बिघडले होते. बाजूला तारबाबू ऐकत होता, तरी मी सगळे सांगितले. लोहार, दोन भाऊ, बैलगाड्या, पोळा.

तारबाबूने हातातले काम थांबवून खुर्ची जवळ ओढली.

मग शेठजी म्हणाले, "खानदान तं चांगलं निघालं."

"शेठजी, पण ती आज येत नाही."

"कशी येईन? पोळा हाये. कुळ मीच विचाराले सांगतलं, आता उत्तर आलं तं राग काऊन धरू?" मग ते म्हणाले, "नागपूरले जातानी सेलूवरूनच जाचं हाये. मी उद्या तिकडून येतो. तीन वाजता दवाखान्यात पोचाचं हाये, तितका वेळ सांभाळजो. तिले कोठी जाऊ नको देऊ."

मी परतलो. दुपारी मोटारीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. तिच्या वाटणीचे पुरण मला वाढले, कारण तिचे कुळ सांगणारा मीच होतो. आंबाडीची भाजी, कढी, वडे. पाहुणचारात कुठे कमी नव्हती. संध्याकाळी गावाबाहेर तोरण बांधले, बैल रांगेत उभे राहिले आणि झडत्या सुरू झाल्या. झडत्या म्हणजे पोळ्याला म्हणायची चढाओढीची कवने. मोटार अंगणात होती, पण तिच्यावर झडती झालीच. एक गडी कानावर हात ठेवून ओरडला,

"चाक रे चाक, बंडीचं चाक,
अमेरिकेची लेक, तिचं लांब नाक,
पाह्याले आला मास्तर, उद्या नेतो मनते,
बैल मनते मास्तरा, तूच ओढून पाह्य ते!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

सगळे तोरण हसले. बैलांनीही माना हलवल्या असे मला वाटले.

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. हा सण आमच्या वऱ्हाड-नागपूरकडचा, पोरांचा. लाकडी बैलांना चाके लावून, सजवून मुले ते घरोघर ओढत नेतात आणि घरचे लोक त्यांना बोजारा (खाऊ आणि एखादे नाणे) देतात. मी सकाळी अंगणात आलो तर मोटार नव्हती.

ती चावडीपुढे होती. गावच्या पोरांनी तिला झूल घातली होती, नाकाला बेगड चिकटवली होती, दिव्यांना गोंडे बांधले होते, आणि पुढे दोरखंड लावून तीस-चाळीस जण जुंपले गेले होते. मागे लाकडी नंदींची रांग. दौलतराव काठी घेऊन व्यवस्था पाहत होते.

"दौलतराव, ही काय गोष्ट झाली? आज तर न्यायची."

"न्या ना. कोनी नाई मनलं? पन लाकडाचा बैल आन् लोखंडाची बंडी एकाच घरचे. फेरा तं घेऊ द्या. पोट्ट्यायच्या हातून दोर कोन सोडवते? तुमी मास्तर होय, तुमी सोडवून पाह्या."

मी शाळेत असतो तसा आवाज काढून पाहिला. पोरांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि दोर अजून घट्ट धरला.

त्याच वेळी शेठजींची अम्बॅसेडर चिखलातून वाट काढत आली. ड्रायव्हरने हात धरून शेठजींना उतरवले. पांढरे धोतर, काळा चष्मा. ते त्या गर्दीत उभे राहिले आणि मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवू लागले, जसा कोणी मोठी भिंत थोडी थोडी वाचतो. आधी त्यांना नंदी दिसले असतील, मग पोरे, मग गोंडे. मग मान थांबली.

"लाल हाये अजून," ते म्हणाले.

मोठ्या बाई पुढे आल्या. "या जी. ह्यायच्या माघारी तुमच्या हाती देतो. धोतराचं तेवढं माफ करा."

"बाई, ते धोतर मी अजून धुतलं नाई," शेठजी म्हणाले.

मग त्यांना बसवायचे ठरले. ते उजव्या बाजूने चढले आणि स्टेरिंग सापडेना म्हणून हवेत चाचपू लागले. मी त्यांना उतरवून डाव्या बाजूला नेले. कोंबडी उजव्या सीटवर होती, तिला शेजार मिळाला. शेठजींनी स्टेरिंग दोन्ही हातांनी धरले. माझ्या घड्याळात साडेअकरा वाजले होते. मी दौलतरावांना म्हणालो, नागपूरला वेळेवर पोचायचे आहे, फेरा जरा झपाट्याने होऊ द्या. दौलतराव म्हणाले, "पोळ्याले घाई नसते जी."

पोरांनी ओढले. मोटार हलली. घर घर थांबत, बोजारा घेत ती पुढे चालली. प्रत्येक दारात पोरांबरोबर शेठजींच्या हातावरही करंजी पडे, आणि ते ती कपाळाला लावून शेजारच्या सीटवर ठेवत. तिथली व्यवस्था कोंबडी पाहत होती. मी मोटारीच्या बाजूने चिखल चुकवत चालत होतो. त्या दिवसासाठी मी पांढरी पँट आणली होती, कारण आर्वीत मोटारीबरोबर प्रवेश करायचा होता.

देवळापासून नाल्याकडे रस्ता उताराचा आहे. तिथे पोरांच्या हातातला दोर ढिला पडला, कारण ओढायची गरजच उरली नाही. पुढची पोरे ओरडत दोन्ही बाजूंना पांगली. मोटार आपल्या बळावर निघाली. दौलतराव काठी उंचावून तिच्यामागे धावले. शेठजी एकदम ताठ बसले. झूल उडाली, बेगड चमकली, कोंबडी पहिल्यांदाच उठून उभी राहिली. उताराच्या पायथ्याशी पाण्याने भरलेला खोलगट भाग होता आणि त्याच्या काठाला मी होतो. मोटार त्यातून पार झाली, आणि हिंगणीचा सगळा काळा चिखल डोक्यापासून बुटापर्यंत माझ्यावर आला. पुढे कडब्याच्या गंजीत नाक खुपसून ती थांबली.

मी धावत गेलो. चष्म्यावर चिखल असल्याने मलाही आता नळीतून पाहिल्यासारखेच दिसत होते. शेठजी तसेच स्टेरिंग धरून बसले होते.

"वसंता, बाजूचं मले दिसत नाई. काही उडालं काय?"

"उडालं शेठजी. धूळ नाही, चिखल उडाला."

"कोनावर?"

"माझ्यावर."

ते हसू लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मान वळवून, शोधून, माझी पँट त्यांनी वरपासून खालपर्यंत नीट पाहिली.

"झालं," ते म्हणाले. "वीस वर्षं म्या सांभाळलं. आता तू सांभाळ."

मोटार त्यांनी नेली नाही. म्हणाले, असल्या खानदानाची लेक आर्वीच्या गॅरेजात कोंडून काय करायची. इथे वर्षाला दोन सण तरी होतात. ते अम्बॅसेडरमध्ये बसून वेळेवर नागपूरला पोचले, कोटाच्या खिशात करंज्या घेऊन. मी मात्र अम्बॅसेडरमध्ये बसलो नाही. त्या कपड्यांनी गादी खराब झाली असती.

परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर भेटला. आज बसमध्ये सामान नव्हते, सगळे सुस्त होते. त्याने मला पाहिले, चिखल पाहिला, आणि तिकीट फाडत विचारले, "मास्तर, मोटार भेटली?"

"भेटली," मी म्हणालो.

माझ्या शेजारी कोणी बसायला तयार नव्हते, त्यामुळे आर्वीपर्यंत खिडकीची जागा माझी होती. मी विचार करत होतो की इतकी वर्षे शेठजींसाठी काय करावे हे मला कळत नव्हते, आणि जे झाले ते मी केलेच नव्हते, मी फक्त तिथे उभा होतो.

शेठजींचा एक डोळा काही वर्षे राहिला, मग तोही गेला. पण तान्ह्या पोळ्याला ते हिंगणीला जातातच. त्यांना डाव्या बाजूने चढवतात, पोरे उतारावर दोर सोडतात, आणि गंजीत थांबल्यावर ते विचारतात, "कोनावर?"

मी दर वर्षी नवी पांढरी पँट शिवतो आणि पाण्याच्या काठाला उभा राहतो.